दात आवळण्याची सवय आणि नाईट गार्ड : सुरुवात कुठून करायची

शेजारी झोपणारं माणूस सांगतं, ‘रात्री करकर आवाज येत होता.’ नाहीतर दातांचे डॉक्टर आरसा तोंडात धरून विचारतात, ‘झोपेत दात खाता का?’ बहुतेकांना ही गोष्ट अशी दुसऱ्याकडूनच कळते. मग थेट ‘नाईट गार्ड केवढ्याला मिळतो’ हा प्रश्न येतो. गार्ड उपयोगाचा आहेच, पण त्याने सवय जात नाही. तो वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये राहतो आणि दातांऐवजी स्वतः झिजतो, एवढंच त्याचं काम. झोपेत जबडा काय करतो यावर तुमचा ताबा नसतो. जागेपणी काय करतो यावर मात्र बराच असतो, आणि दुखणं पुष्कळदा त्या दिवसाच्या आवळण्यातूनच येतं. म्हणून इथे आधी दिवसाचं बघू, मग रात्रीचं.

आधी खात्री करून घ्या

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोपेत दात घासले जातात, कधी आवाज करून, कधी नुसते घट्ट आवळून. आवळण्याला आवाज नसतो, म्हणून ‘घरात कुणाला ऐकू येत नाही’ हा काही पुरावा नव्हे. दुसरी गोष्ट दिवसाची : कॉम्प्युटरवर, गाडी चालवताना, मोबाईलवर बोटं फिरवताना दात एकमेकांना टेकलेले राहतात. काहींना एकच असते, काहींना दोन्ही.

सकाळी उठल्या उठल्या, तोंड धुण्याआधी, हे बघा. कानशिलं जड वाटतात का, जबडा आखडलाय का, पहिला घास चावताना गाल दुखतो का. मग खिडकीशी उजेडात आरसा घ्या. जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटून नागमोडी कडा झाली आहे का? गालाच्या आतून, दात मिटतात त्या उंचीवर, पांढरट आडवी रेघ आहे का? सुळ्यांची टोकं अजून टोकदार आहेत की सपाट? पुढच्या दातांच्या कडेला बारीक टवके उडालेत का? दाढेच्या उंचवट्यावर मध्येच पिवळसर ठिपका दिसला तर तिथलं पांढरं कवच झिजून आतला थर उघडा पडला आहे. कॅप पुन्हा पुन्हा सुटणं, फिलिंग तुटणं, किड नसताना थंड पाण्याने कळ येणं, ही चिन्हंही त्याच यादीतली.

आता बोटं दोन्ही गालांवर, कानाच्या लोळीपासून थोडी पुढे-खाली ठेवा आणि दात आवळा. जो स्नायू टणक होऊन बोटांखाली फुगतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. जबडा सैल सोडून तोच दाबून बघा. दुखला, किंवा सैल सोडूनही गाठीसारखा घट्टच राहिला, तर तो जास्तीचं काम करतोय.

झिजलेला प्रत्येक दात मात्र घासण्यानेच झिजलेला नसतो, आणि गोव्यात हा फरक ओळखायलाच हवा. सोलकढी, कोकम सरबत, माडाची व्हिनेगर घातलेली आमटी-मटण, लिंबू सोडा, मार्च-एप्रिलात उर्राक (काजूची दारू) आणि त्यात लिंबू. आंबटाने दाताचं कवच विरघळतं. घासून झिजलेली जागा सपाट आणि चकचकीत असते. जबडा बाजूला सरकवला की वरची आणि खालची सपाटी बरोबर जुळते. आंबटाने झिजलेल्या दाढेवर वाटीसारखे खोलगट खड्डे पडतात, आणि जुनं फिलिंग असेल तर दात खाली गेल्यामुळे ते बेटासारखं वर उरतं. छातीत जळजळ, रात्री तोंडात आंबट पाणी येणं असेल तर पोटातलं आम्ल हेच काम करत असतं. गार्ड लावून हे थांबणार नाही. पुष्कळांत दोन्ही एकत्र सापडतं : आंबटाने मऊ झालेलं कवच रात्री घासलं जातं आणि झीज वेगाने होते.

शिवाय एक गोष्ट : दात झिजलेत म्हणजे आजही तुम्ही दात खाता असं नाही. झीज दहा वर्षांपूर्वीची असू शकते. ताजं काय चाललंय ते सकाळचं दुखणं आणि स्नायू सांगतात.

दिवसाचं काम

तोंड मिटलेलं असताना दात टेकलेलेच असायला हवेत, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. आरामात असताना ओठ मिटलेले, पण वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर फट असते. दिवसभरात चावताना आणि गिळताना मिळून दात प्रत्यक्ष टेकतात तो वेळ साधारण २० मिनिटांच्या घरात भरतो. तुम्ही दोन तास कॉम्प्युटरसमोर दात टेकवून बसलात तर जोर किती हा प्रश्न नंतरचा. हलकासा टेका तासन्‌तास राहिला तरी स्नायू थकतो.

जबड्याची मोकळी जागा शोधायला सोपी युक्ती : ‘न’ म्हणा आणि जीभ तिथेच राहू द्या. वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूला, हलकी टेकलेली. दातांना ढकलत नाही. ओठ अलगद मिटा, नाकाने श्वास सोडा. दात आपोआप सुटे राहतात. हीच बैठक.

आता ती दिवसभर आठवायची कशी? केवळ ‘लक्ष ठेवीन’ म्हणून कुणाचंच लक्ष राहत नाही. आठवण रोजच्या एखाद्या कृतीला बांधा. स्कूटरवाल्यांसाठी सगळ्यात चांगली खूण म्हणजे हेल्मेटचा पट्टा : लावताना एकदा, सोडताना एकदा जबडा तपासा. पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका सैल ठेवा. करकचून बांधलेला पट्टा आणि खड्ड्यांचा रस्ता असला की दात आपसूक आवळले जातात. पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी थांबली की, फेरीबोटीच्या रांगेत इंजिन बंद केलं की, पुन्हा एकदा. ऑफिसात असाल तर मॉनिटरच्या कोपऱ्यावर, लाटण्याच्या ओट्यासमोर भिंतीवर, मोबाईलच्या पाठीवर लाल टिकली चिकटवा. टिकली दिसली की विचारायचं, दात टेकलेत का? आठ-दहा दिवसांनी डोळा टिकलीला सरावतो आणि ती दिसेनाशी होते. तेव्हा जागा किंवा रंग बदला. तासातासाला थरथरणारा मोबाईलचा अलार्मही चालतो.

पहिल्या आठवड्यात सुधारणा करू नका, फक्त मोजा. खूण आली आणि दात टेकलेले सापडले तर कागदावर एक रेघ. रात्री बघा रेघा कुठल्या वेळेला दाटल्यात. कुणाच्या सकाळी मुलांना शाळेच्या बसला सोडण्याच्या गडबडीत, कुणाच्या महिनाअखेरच्या हिशेबात, कुणाच्या कॅसिनोच्या किंवा वेर्ण्याच्या कारखान्याच्या रात्रपाळीत. मग तेवढ्या वेळांवरच मेहनत घ्या.

दात टेकलेले सापडले की काय करायचं, इथे हमखास चूक होते. लोक जबडा जोराने उघडून धरतात. त्याने विरुद्ध बाजूचे स्नायू ताणले जातात आणि संध्याकाळी दुखणं वाढतंच. खांदे खाली सोडा, तोंडाने एक लांब श्वास सोडा, जबडा आपल्या वजनाने खाली येऊ द्या, मग ‘न’ची जागा. पाच सेकंदांचं काम.

यासोबत तोंडाची बाकीची फुकट मजुरी बंद करा : च्युइंगम, नखं, पेनाचं टोपण, बर्फाचे खडे, सुपारी, दोरा दाताने तोडणं, बिअरचं झाकण दाताने उघडणं. कुर्ल्यांचे नांगे दाताने फोडायचे नाहीत. बत्ता किंवा अडकित्ता ताटाशी घेऊन बसा. फोन खांदा आणि गालात दाबून बोलणं आणि हनुवटी हातावर टेकवून वाचणं यानेही जबडा एका बाजूला ढकलला जातो.

रात्र बिघडवणाऱ्या गोष्टी

झोपेतलं दात खाणं हे मुख्यतः हलक्या झोपेत, मेंदू क्षणभर अर्धवट जागा होतो तेव्हा घडतं. म्हणून झोप मोडणारी प्रत्येक गोष्ट त्याला वाढवते. दारू हे त्यातलं मोठं कारण. दोन पेगनंतर झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती तुकड्यातुकड्यांची होते. शेवटचा ग्लास आणि अंथरूण यात किमान तीन तास ठेवा. कॉफी आणि कडक चहा संध्याकाळी पाचनंतर नको. सिगारेटही त्याच माळेतली. पार्ट्यांमधल्या नशेच्या पदार्थांबद्दल स्पष्टच सांगायला हवं : एमडीएमए, अ‍ॅम्फेटामिन आणि कोकेन यांनी जबडा इतका आवळतो की एका रात्रीत दाताचा तुकडा पडू शकतो. दातांच्या डॉक्टरला हे सांगताना लाजू नका. नाहीतर ते भलतीकडेच कारण शोधत बसतील.

काही औषधांनीही हे सुरू होतं किंवा वाढतं : फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन ही नैराश्य-चिंतेवरची औषधं आणि मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजकं. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत जबडा दुखायला लागला असेल तर तारखा लिहून त्याच डॉक्टरला दाखवा. डोस, वेळ किंवा औषध बदलता येतं. गोळी मनाने बंद करायची नाही. दाताचा टवका परवडला, अचानक औषध सोडल्याचा त्रास परवडत नाही.

घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकणं, सकाळी डोकं जड, दुपारी गाडी चालवताना पेंग : ही लक्षणं असतील तर गार्डच्या आधी छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे झोपेच्या तपासणीबद्दल विचारा. श्वास अडकण्याचा आजार असताना वरच्या जबड्यावरचा साधा गार्ड काहींमध्ये श्वासाचा त्रास वाढवतो असं दिसलं आहे. त्यांच्यासाठी खालचा जबडा पुढे धरणारं वेगळं उपकरण असतं किंवा हवेचा दाब देणारं मशीन.

ताणतणावाबद्दल जास्त उपदेश करत नाही. काळजीने झोपच लागत नसेल तर बांबोळीच्या आयपीएचबीत (सरकारी मानसोपचार संस्थेत) ओपीडी आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन चोवीस तास चालतो.

दातांच्या डॉक्टरकडे

आपल्या नेहमीच्या डॉक्टरपासून सुरुवात करा. सरकारी सोय हवी असेल तर बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय आणि इस्पितळ; तिथे गार्डचं काम प्रोस्थोडॉन्टिक्स (कॅप-कवळ्यांच्या) विभागाकडे येतं. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही दंत विभाग आहेत, तपासणी आणि फिलिंग तिथे होऊ शकतं. कॉलेजात काम विद्यार्थी डॉक्टर करतात आणि वर शिक्षकांची नजर असते, त्यामुळे एका गार्डसाठी तीन-चार खेपा धरून चला.

जाताना कागदावर लिहून न्या : दुखणं सकाळी की संध्याकाळी, चालू औषधं, घोरणं, आंबट पाणी, कुठली कॅप कितीदा सुटली. डॉक्टरांचा वेळ आणि तुमचा, दोन्ही वाचतात.

क्रम महत्त्वाचा. आधी दात साफ, किडीवर फिलिंग, सुटलेली कॅप पक्की, हलणाऱ्या दाताचा निर्णय. मग गार्डचं माप. उलट केलं तर नवी कॅप बसली की गार्ड बसत नाही आणि पैसे वाया जातात. अक्कलदाढ काढायचीच असेल तर तीही आधी.

‘तुमचे दात बरोबर जुळत नाहीत म्हणून तुम्ही दात खाता, सगळे घासून जुळवून देतो’ असं कुणी म्हणालं तर थांबा. दात घासून जुळवल्याने झोपेतली सवय जाते याला भक्कम आधार नाही, आणि घासलेलं कवच परत येत नाही. नव्या कॅपचा किंवा उंच झालेल्या फिलिंगचा अडथळा काढणं वेगळं. ते करायलाच हवं. पण चांगल्या दातांना हात लावण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

गार्ड कुठला

बाजारात नावं खूप असली तरी निवड मुळात तीन प्रकारांत आहे.

मऊ गार्ड रबरासारख्या लवचिक ईव्हीए प्लास्टिकचा. पत्रा गरम करून तुमच्या दातांच्या साच्यावर ओढून बसवतात. लवकर बनतो, स्वस्त पडतो, तोंडाला पहिल्या रात्रीच बरा वाटतो. हलकं दात खाणाऱ्याला चालतो. पण काही जण तो झोपेत च्युइंगमसारखा चघळतात आणि जबडा आधीपेक्षा जास्त दुखतो. जोराने आवळणाऱ्याच्या गार्डला सहा महिन्यांत दाढेच्या जागी भोक पडतं. शिवाय मऊ पदार्थावर डॉक्टरला बारीक घासकाम करून चाव सारखा करता येत नाही.

दुसरा दुपदरी : आतून मऊ, बाहेरून कडक. दाताला त्रास कमी आणि टिकाऊपणा बरा. मध्यम त्रासाला योग्य.

तिसरा कडक अ‍ॅक्रिलिकचा, ज्याला स्प्लिंट म्हणतात. दाढेवर साधारण २-३ मिलिमीटर जाडीचा, वरून गुळगुळीत. खर्च जास्त, सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे. पण नीट सांभाळला तर काही वर्षं जातो आणि दर खेपेला घासून जुळवता येतो. सकाळी जबडा दुखतो, कॅप आहेत, दात तडकलाय, अशांनी पैसे इथेच घालावेत असं आमचं मत. मऊ गार्ड पुन्हा पुन्हा बदलण्यातही खर्च होतच राहतो.

कुठलाही घ्या, एक अट सोडू नका : त्या जबड्यातले सगळे दात गार्डखाली झाकले गेले पाहिजेत, शेवटच्या दाढेसकट. फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारी छोटी उपकरणं मिळतात. ती महिनोन्‌महिने वापरली तर न झाकलेल्या दाढा हळूहळू सरकतात, आणि मग तोंड मिटल्यावर पुढचे दात जुळतच नाहीत. छोटी वस्तू झोपेत घशात जाण्याची भीती वेगळीच.

गार्ड बहुधा वरच्या दातांवर करतात. उलटीची भावना लगेच येणाऱ्याला खालचा सोपा जातो. दातांना तार लावून झाली असेल आणि रात्री रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारं उपकरण) घालत असाल तर ते नक्की सांगा. पातळ रिटेनरला गार्ड समजून वापरलं की त्याला भोकं पडतात, आणि रिटेनर सोडून नुसता गार्ड घातला की खालचे दात सरकतात.

माप, फिटिंग आणि पहिले पंधरा दिवस

माप घ्यायला तोंडात भिजवलेल्या पिठासारखा पदार्थ भरलेला ट्रे ठेवतात. दोन-तीन मिनिटांत तो घट्ट होतो. ओकारी येत असेल तर भरल्या पोटी जाऊ नका, डोकं थोडं पुढे झुकवा, नाकाने श्वास घ्या आणि एक पाय उचलून धरा. मन पायाकडे गेलं की घसा शांत राहतो. काही दवाखान्यांत आता कॅमेऱ्याने स्कॅन करतात, मग हा प्रश्नच नाही. मापावरून प्लास्टरचे साचे होतात, गार्ड लॅबमध्ये बनतो.

फिटिंगला घाई करू नका. खुर्चीतून उठण्याआधी हे तपासा : गार्ड बोटाने दाबून बसतो का (चावून बसवावा लागत असेल तर घट्ट आहे), बसल्यावर एका बाजूला दाबलं तर दुसरी बाजू उचलते का, दात मिटले की उजव्या आणि डाव्या दाढा एकदमच टेकतात का. डॉक्टर कार्बन पेपर चावायला देतील. कडक गार्डवर दोन्ही बाजूंना सारखे ठिपके उमटायला हवेत. जबडा बाजूला सरकवला की भार सुळ्यावर यावा आणि दाढा सुट्या व्हाव्यात. हिरडीला टोचणारी कड तिथेच घासून घ्या. पुढच्या खेपांचे पैसे यातच आहेत का, तेही आत्ताच विचारा, कारण एकदा घासून गार्ड क्वचितच बरोबर बसतो.

पहिले तीन-चार दिवस झोपण्याआधी तासभर घालून टीव्ही बघा. लाळ जास्त सुटते, बोलणं बोबडं होतं. दोन्ही कमी होतं. रात्री नकळत काढून उशीखाली टाकलात तर दुसऱ्या रात्री पुन्हा घाला, बहुतेकांचं पहिल्या आठवड्यात असं होतं. दुपारी जेवून तासभर वामकुक्षी घेत असाल तर तेव्हाही घाला. झोप ती झोप.

झोपण्याआधीचा क्रम : जेवण, आंबट काही घेतलं असेल तर साध्या पाण्याने चूळ, अर्धा तास थांबून ब्रश, मग गार्ड. आंबट पिऊन लगेच गार्ड चढवला तर ते आम्ल गार्डखाली दाताला चिकटून राहतं आणि धुवायला लाळ तिथे पोहोचत नाही. गार्ड घातल्यावर पाण्याशिवाय काही नाही.

सकाळी गार्ड काढल्यावर दात क्षणभर वेगळेच जुळल्यासारखे वाटतात. काही मिनिटांत पूर्ववत व्हायला हवं. दुपारपर्यंत तसंच वाटत राहिलं, किंवा एकच दात रोज ठणकू लागला, तर गार्ड बंद ठेवून डॉक्टरकडे जा. घरात कानस घेऊन घासू नका. एक-दोन आठवड्यांनी तपासणी, मग सहा महिन्यांनी.

गार्डवर रेघा आणि खळगे दिसू लागले की लोक घाबरतात, ‘म्हणजे मी अजून दात खातोच!’ हो, खाताच. त्या रेघा दातावर पडायच्या त्या गार्डवर पडल्या.

उकळून बसवायचा गार्ड

फार्मसीत किंवा ऑनलाईन मिळणारा हा गार्ड आम्ही तात्पुरता मानतो : डॉक्टरची तारीख महिन्यावर आहे आणि दात रोज दुखतायत, तेवढ्यापुरता. खेळाडूंचा जाड गार्ड झोपण्यासाठी घेऊ नका. हलणारे दात, तारा, कवळी किंवा नुकतं बसवलेलं इम्प्लांट असेल तर हा प्रकार अजिबात नको.

१. आधी कोरडाच तोंडात धरून बघा. शेवटच्या दाढेमागे जात असेल तर कात्रीने कापा.

२. पाणी उकळा, गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा.

३. पाकिटावर लिहिलंय तेवढेच सेकंद बुडवा. जास्त ठेवला तर आकारच जातो.

४. चमच्याने काढून थंड पाण्यात एक-दोन सेकंद, म्हणजे हिरडी भाजणार नाही.

५. आरशासमोर मध्यरेषा जुळवून वरच्या दातांवर बसवा. हलकं चावा. बाहेरून बोटांनी गालावरून दाबा, आतून जिभेने, आणि हवा आत ओढा. साधारण अर्धा मिनिट.

६. काढून थंड पाण्यात पूर्ण गार करा. ओठाच्या आतल्या शिरेला लागत असेल तिथे खाच द्या.

सर्वात जास्त बिघडते ती पाचवी पायरी. जोराने चावलं की दाढेखालचा भाग कागदासारखा पातळ होतो आणि आठवड्यात फाटतो. तोंड उघडल्यावर गार्ड खाली पडत असेल तर पुन्हा एकदा उकळून बसवा. दोनदा करूनही सैल राहिला तर फेकून द्या. सैल गार्ड झोपेत घालू नये.

दुखतं तेव्हा

कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल दोन्ही गालांवर दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. मग गालाच्या त्या टणक स्नायूवर दोन बोटांनी गोलाकार, हलक्या दाबाने दोन मिनिटं चोळा, कानशिलावरही. दुखेल इतकं दाबायचं नाही. चार-पाच दिवस मऊ खा : उकड्या तांदळाची पेज, खतखतं, मऊ शिजवलेली आमटी-भात. चिवट पोळी आणि उंडे (गोल पाव) रश्श्यात भिजवून. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा.

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या थोडे दिवस डॉक्टर देतात, स्वतःहून घेऊ नका. बोटॉक्सचं इंजेक्शन गालाच्या स्नायूत दिलं की जोर कमी होतो, पण परिणाम तीन-चार महिने टिकतो आणि पुन्हा खर्च. बाकी सगळं करून झाल्यावरचा तो उपाय.

काही दुखणी जबड्यात जाणवतात, पण सवयीची नसतात. चढ चढताना किंवा चालताना जबडा दुखतो, सोबत छाती भरून येते किंवा घाम फुटतो, तर १०८ ला फोन. वय पन्नाशीपुढे आणि चावताना जबडा दुखणं, कानशिलाचं नवीन दुखणं आणि डोळ्यांपुढे अंधुकपणा एकत्र आला तर त्याच दिवशी इस्पितळ; नजर जाण्याचा धोका असतो. जबडा उघडा किंवा बंद अडकला, गालावर सूज आणि ताप आला तरी थांबायचं नाही. सुपारी, गुटखा खाणाऱ्यांनी आपली तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांत जातात का बघा. जात नसतील, तिखटाने तोंड भाजत असेल, गाल आतून पांढरट आणि ताठ लागत असतील तर ते कर्करोगाआधीचं लक्षण असू शकतं. गार्डचा विचार सोडून आधी तेच दाखवा.

मुलं दात खातात तेव्हा

‘जंत झालेत’ हे घरातलं पहिलं निदान. जंताचं औषध शाळेतून मिळतं तेव्हा द्यावंच, पण दात खाण्याचं कारण जंत असल्याचा पक्का पुरावा नाही. दुधाचे दात पडून नवे येण्याच्या वयात पुष्कळ मुलं दात खातात आणि बहुतेकांचं आपोआप थांबतं. वाढत्या जबड्यावर सहसा गार्ड बसवत नाहीत. मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, वारंवार सर्दी असते, तर नाकामागची गाठ वाढली आहे का ते बालरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या. झोपण्याआधीचा तास मोबाईलविना गेला तर फरक पडतो.

गार्ड सांभाळणं

आपल्याकडे गार्डचे शत्रू दोन : ऊन आणि दमट हवा. गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिन्यात ठेवलेला गार्ड वाकडा होतो आणि परत सरळ होत नाही. गरम पाण्याने धुतला तरी तेच. सकाळी काढल्याबरोबर गार पाण्याखाली, मऊ ब्रश आणि साध्या साबणाच्या थेंबाने आतून-बाहेरून घासा. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या बारीक कणांनी ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत जंतू घर करतात.

पावसाळ्यात ओला गार्ड बंद डबीत ठेवला की चार दिवसांत वास आणि काळे ठिपके. स्वच्छ फडक्यावर पंख्याखाली दहा मिनिटं वाळवा, मग भोकं असलेल्या डबीत. मुंग्या लागतात, म्हणून डबी कपाटात. घरात कुत्रा असेल तर त्याच्या उडीच्या वर, कारण कुत्र्यांना हे चघळायला फार आवडतं. कडक अ‍ॅक्रिलिकचा गार्ड कोरडा ठेवायचा की पाण्यात, हे बनवून देणाऱ्यालाच विचारा. आठवड्यातून एकदा कवळी साफ करायची गोळी कोमट पाण्यात, पाकिटावर लिहिलेली मिनिटं. पांढरी व्हिनेगर निम्मं पाणी घालून पंधरा-वीस मिनिटंही चालते, नंतर नीट धुवा. माडाची व्हिनेगर मात्र स्वयंपाकालाच राहू द्या. तिचा वास गार्डला रात्रभर येतो.

दर महिन्याला गार्ड उजेडाकडे धरा. दाढेच्या जागी आरपार उजेड दिसू लागला, चीर गेली किंवा तो आता सैल हलतो, तर त्याचं काम संपलं. दातांच्या प्रत्येक भेटीला डबी सोबत न्या. नवी कॅप किंवा मोठं फिलिंग झालं तर त्याच दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या गार्ड घालून बघा. बसला नाही तर जबरदस्तीने चावून बसवू नका, नवीन माप द्या.